जावई परदेशी, लेक माहेरी



या सदरात आपण एरवी बहार, खते, फवारणी यांच्याविषयी बोलतो. आजचा विषयही संत्र्याच्या बागेतूनच निघाला, पण तो संत्र्याचा नाही.

काटोलकडच्या एका गावी डिंक्या रोग पाहायला गेलो होतो. चार झाडांच्या बुंध्यांतून डिंक ओघळत होता. रोगट साल खरवडून बोर्डो मलम कसे लावायचे ते दाखवले, हातपाय धुतले आणि निघणार तोच घरधनी म्हणाले, "साहेब, च्या घेऊन जा. अन् एक कागद दाखवाचा होता. तुमाले इंग्रजी समजते." मला वाटले पीक विम्याचे काही असेल. पण आतून त्यांची लेक फाईल घेऊन आली. लग्नाला अडीच वर्षे झालेली. जावई अमेरिकेत, न्यू जर्सीला. मे महिन्यात तीन आठवड्यांच्या रजेवर आला, लग्न झाले, देवदर्शन झाले आणि परत गेला. पोरगी तेव्हा बी.एड.च्या पहिल्या वर्षाला होती. "आता व्हिसा येईलच, कायले शिकाचं?" असे दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांनी म्हटले, म्हणून दुसऱ्या वर्षाची फी भरलीच नाही. व्हिसा काही आला नाही. पोरगी महिनाभर सासरी अमरावतीला, महिनाभर माहेरी. दारावरून जाणारी बाई विचारते, "कधी आली? किती दिवस हाय?" आणि ही उत्तर न देता आत निघून जाते. जावई चांगला आहे, दर रविवारी फोन करतो, तक्रार कोणाचीच नाही. तरी घरात सुतक असल्यासारखे वातावरण.

मी फाईल वाचली, नागपूरला आल्यावर एका वर्गमित्राकडे बसून आणखी माहिती घेतली. त्याची दोन्ही मुले तिकडेच आहेत. जे समजले ते आज तुमच्यापुढे ठेवतो, कारण अशी आणखी दोन घरे मला माझ्याच फिरतीत भेटली आहेत.

आपण शेत घेताना आधी सातबारा पाहतो. मालक कोण, वहिवाट कोणाची, बोजा किती. जावई पाहताना मात्र "मुलगा अमेरिकेत आहे" एवढ्यावर पेढे वाटतो. अहो, अमेरिकेत आहे म्हणजे कोणत्या कागदावर आहे? तिथे राहण्याचे मुख्य प्रकार तीन. पहिला एच-१बी. ही मक्त्याची जमीन समजा. नोकरीपुरता, मुदतीचा परवाना. त्याच्या बायकोला एच-४ व्हिसावर तुलनेने लवकर जाता येते, पण तिथे नोकरी करण्याची परवानगी सरसकट नाही. नवऱ्याची ग्रीन कार्डाची फाईल एका टप्प्याला पोचली असेल तरच, आणि तीही सोय २०१५ पासूनची. दुसरा प्रकार ग्रीन कार्ड, म्हणजे कायम राहण्याचा हक्क. तिसरा, अमेरिकेचा नागरिक. नागरिकाच्या बायकोला वर्षाच्या संख्येची मर्यादा नाही; अर्ज तपासायला वेळ लागेल तेवढाच. ग्रीन कार्डवाल्याच्या बायकोला मात्र रांग आहे.

आता यातली खरी गोम ऐका. मुलाला नोकरीच्या आधारे ग्रीन कार्ड मिळण्याआधी लग्न झाले असेल, तर बायकोला त्याच्याच मंजुरीच्या आधारे मागाहून जाता येते. कार्ड मिळाल्यानंतर लग्न झाले, तर तिच्यासाठी नवा अर्ज आणि नवी रांग. एका महिन्याच्या फरकाने काही वर्षांचा फरक पडू शकतो. काटोलच्या घरी हेच झाले होते. फेब्रुवारीत कार्ड, मे मध्ये लग्न. आपण लग्न ठरवताना गुरुबळ पाहतो, ही तारीख विचारायचे कोणाला सुचत नाही. लग्न घाईने उरका असे मी म्हणत नाही. पण विचारा, आणि काय वाट्याला येणार ते पोरीला आधी सांगा.

रांग कशी चालते तेही सांगतो. नवऱ्याने तिकडे अर्ज दाखल केला तो दिवस म्हणजे तुमचा नंबर. दरवर्षी ठरावीक संख्येनेच व्हिसा देतात. अमेरिकेचे परराष्ट्र खाते दर महिन्याला एक पत्रक काढते, त्यात कोणत्या तारखेपर्यंतच्या अर्जांची पाळी आली ते असते. ही तारीख कधी पुढे सरकते, कधी जागची हलत नाही, कधी चक्क मागे येते. १९७२ साली कापसाची एकाधिकार खरेदी सुरू झाली, त्यानंतर केंद्रांवर लागणाऱ्या बैलगाड्यांच्या रांगा जुन्या मंडळींना आठवत असतील. पाळी येईपर्यंत गाडीखाली झोपायचे, आणि पाळी आली की ग्रेडर म्हणायचा, उद्या या. तसेच आहे हे. अर्ज मंजूर झाला म्हणजे तिकीट काढायचे असे नाही. मंजुरीनंतर फाईल तिथल्या राष्ट्रीय व्हिसा केंद्राकडे जाते, नवऱ्याच्या उत्पन्नाची हमी तपासतात, आणि मग मुंबईला वांद्रे-कुर्ला संकुलातल्या वकिलातीत मुलाखत. नवऱ्याला ग्रीन कार्ड मिळून साधारण पाच वर्षे झाली की तो नागरिकत्वासाठी अर्ज करू शकतो. तो नागरिक झाला की बायकोचा अर्ज रांगेतून बाहेर निघतो. ज्यांची पाच वर्षे भरत आली असतील त्यांनी हे लक्षात ठेवावे.

मध्येच आभाळ फाटते तेही आहे. मार्च २०२० मध्ये करोनामुळे वकिलातींचे नेहमीचे काम बंद पडले. एप्रिल २०२० मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षांचा हुकूम निघाला आणि ग्रीन कार्डवाल्यांच्या बायकांचे नवे व्हिसा थांबले. तो हुकूम फेब्रुवारी २०२१ मध्ये उठला. त्यात पोरीचा दोष काय, सासरच्यांचा काय? गारपीट झाली तर आपण सुनेच्या पायगुणाला बोल लावतो काय? (काही घरी लावतात म्हणा. त्यांना काय सांगायचे!)

इतर देशांच्या तऱ्हा वेगळ्या. इंग्लंडने ११ एप्रिल २०२४ पासून जोडीदाराला बोलावण्यासाठी उत्पन्नाची अट वर्षाला २९,००० पौंडांवर नेली, आधी ती १८,६०० होती. जर्मनीला जाणाऱ्या नवरीला सहसा आधी जर्मन भाषेची पहिल्या पायरीची परीक्षा द्यावी लागते.

ही वाट पाहणे आजचेही नाही. कॅलिफोर्नियाच्या इम्पीरियल खोऱ्यात शंभर वर्षांपूर्वी पंजाबचे शेतकरी आपल्यासारखाच कापूस पिकवत होते. अमेरिकेच्या १९१७ च्या कायद्याने हिंदुस्थानातून येणाऱ्यांना दार बंद झाले, आणि ज्यांच्या बायका गावी राहिल्या त्या राहिल्याच. अनेकांनी तिकडे मेक्सिकन बायकांशी संसार थाटले. १९४६ साली दार किलकिले झाले, तेही वर्षाला अवघ्या शंभर जणांसाठी. आणि परदेशाचे कशाला, नागपुरात जरीपटक्याला जा. पाकिस्तानातल्या सिंधमधून आलेली अनेक कुटुंबे तिथे दीर्घ मुदतीच्या व्हिसावर राहिली. आपल्या कायद्यातही भारतीयाशी लग्न केलेल्या परदेशी माणसाला नागरिकत्वाच्या अर्जाआधी सात वर्षे इथे राहावे लागते. २०१६ साली केंद्र सरकारने नागपूरसह काही जिल्ह्यांच्या जिल्हाधिकाऱ्यांना पाकिस्तान, बांगलादेश, अफगाणिस्तानातल्या अल्पसंख्याकांचे अर्ज निकाली काढण्याचे अधिकार दिले.

तेव्हा रांग आपल्या हाती नाही. पण काटोलच्या फाईलमध्ये जवळजवळ सहा महिने रांगेमुळे गेले नव्हते, आपल्याच कागदांनी खाल्ले होते. शाळेच्या दाखल्यावर पोरीचे नाव इंग्रजीत एका 'आय'ने, पासपोर्टवर दोन 'ई'ने. लग्नानंतर हौसेने आधारवर सासरचे नाव चढवले, पासपोर्ट माहेरच्या नावाचा राहिला. तिकडून शंका आली, उत्तर द्यायला वेळ गेला. लग्नानंतर नाव बदललेच पाहिजे असा कायदा नाही. ज्या नावाने पासपोर्ट आहे तेच नाव काम होईपर्यंत सगळीकडे ठेवावे. फारच फरक असेल तर राजपत्रात नावाची दुरुस्ती प्रसिद्ध करून घ्यावी.

जन्माच्या दाखल्याची गंमत तर आपल्याकडची खासच. पहिले बाळंतपण माहेरी, म्हणून पोरीच्या जन्माची नोंद तिच्या आजोळच्या ग्रामपंचायतीत. लोक वडिलांच्या गावी रजिस्टर चाळत बसतात. नोंद सापडली तरी कित्येकदा नुसते "मुलगी" लिहिलेले असते, नाव घातलेलेच नसते. ते आधी घालून घ्या. नोंदच नसेल तर तसा दाखला घ्या आणि जोडीला शाळेचा दाखला ठेवा.

लग्नाची नोंदणी जावई इथे असतानाच करा. तो गेला की ते काम अडते, कारण नोंदणीला दोघांनाही हजर राहावे लागते. महाराष्ट्राच्या १९९८ च्या कायद्याप्रमाणे खेड्यात ही नोंद ग्रामसेवकाकडे होते, आणि ९० दिवसांच्या आत करायची असते. सत्यनारायणाच्या दुसऱ्या दिवशी हेच काम. पत्रिका, लग्नाचे फोटो, जावयाच्या येण्याजाण्याची तिकिटे जपून ठेवा, कारण लग्न खरे आहे हे मुलाखतीत पटवावे लागते. पोलिसांचा दाखला पासपोर्ट कार्यालयातून मिळतो, पण तो आणि वैद्यकीय तपासणी फार आधी उरकू नका; दोन्हींना मुदत असते.

आता दलालांचे. दुसऱ्या एका घरी शहरातल्या एका दलालाने "फाईल पुढे सरकवतो" म्हणून ऐंशी हजार रुपये घेतले. फाईल होती तिथेच राहिली. रांगेत पुढे नेण्याचे सामर्थ्य कोणत्याच दलालात नाही. दुसरा एक सल्ला देतात की लग्न झाल्याचे लपवून फिरायच्या व्हिसावर पाठवा. हे अजिबात करू नका. खोटे उघडकीस आले तर तिला अमेरिकेची कायमची बंदी होऊ शकते.

तिसरे घर सावनेरकडचे. तिथला जावई वर्षभर "प्रोसेस सुरू आहे, प्रोसेस सुरू आहे" म्हणत होता. मी एवढेच विचारले की अर्ज दाखल केल्याची पावती पाहिली काय? अर्ज पोचला की तिकडचे खाते नंबर घातलेली पावती पाठवते, आणि त्या नंबरावर अर्ज कुठवर आला ते कोणालाही पाहता येते. पोरीने पावती मागितली. आठ दिवस टाळाटाळ, मग फोन घेणे बंद. अर्ज केलेलाच नव्हता. तिच्या वडिलांनी तोवर शेजारपाजारी मुदती सांगून ठेवल्या होत्या, त्यांची मान वर होईना. पण दोन वर्षांनी कळण्यापेक्षा एका वर्षाने कळले. अशा प्रकरणांसाठी दिल्लीच्या राष्ट्रीय महिला आयोगात २००९ पासून वेगळा कक्ष आहे, तिथे त्यांनी तक्रार पाठवली आहे. पावती मागण्यात जावयाचा अपमान नाही. सरळ माणूस त्याच दिवशी फोटो पाठवतो. काटोलच्या जावयाने लग्नानंतर महिनाभरातच पाठवला होता.

राहिली ती पोरगी. मी तिच्या वडिलांना विचारले, "भाऊ, संत्र्याची कलमे लावली तेव्हा फळ कितव्या वर्षी धरलं?" म्हणाले, "सहाव्या." "मग पाच वर्षं मधली जमीन पडीक ठेवली होती काय?" हसले. हरभरा, भुईमूग, मिरची, सगळे घेतले होते त्यांनी. मग पोरीची अडीच वर्षे पडीक का ठेवली? तेव्हा हसू गेले. वहिनी म्हणाल्या, "व्हिसा मधातच आला त?" आला तर आला! बी.एड. अर्धवट सोडून जाईल. आत्ता तर न शिकता बसूनच आहे. गाडी चालवायला शिकली, इंग्रजी बोलायला शिकली, चार पैसे मिळवून आपल्या नावाच्या खात्यात टाकले, यातले काय तिला तिकडे नडणार आहे? आणि कुठे राहायचे, सासरी की माहेरी, हे तिला ठरवू द्या. दर पंधरा दिवसांनी इकडून तिकडे बॅग भरणे हे काही जिणे नव्हे.

दारावरच्या बायकांसाठीही एक उत्तर आम्ही त्या दिवशी बसवले. "नंबर लागला हाय, पाळी आली की जाईन, तोवर शिकून राहिली." पोरगी पहिल्यांदा मोकळी हसली. म्हणाली, "काका, हे मी आधीच म्हणत होती, कोणी ऐकलं नाही."

गेल्या आठवड्यात त्यांचा फोन आला. चार झाडांपैकी तीन सुधारत आहेत, चौथे काढावे लागेल असे दिसते. लेक दुसऱ्या वर्षाच्या प्रवेशाची चौकशी करायला नागपूरला जाऊन आली, विहीणबाईंनी कुरकुर केली पण जावयाने आईला समजावले. नंबराची तारीख मात्र या महिन्यात हललेली नाही.

पुढच्या अंकात आंबिया बहारासाठी दिलेला ताण केव्हा आणि कसा तोडायचा ते पाहू. भारी जमिनीवाल्यांनी तोवर पाणी सोडण्याची घाई करू नये.