माळाला माळच राहू द्या

(द्वितीय वर्ष, कला)

एखाद्या जागेत काही अर्थ नाही असे सांगायचे असले, की आपण म्हणतो, “तिथे काय, नुसता माळ आहे!” या ‘नुसता’ शब्दाशीच माझे भांडण आहे. ज्या जमिनीतून सरकारला सारा मिळत नाही ती पडीक, हा इंग्रजी अमदानीतला हिशेब. इंग्रज गेले, हिशेब राहिला. आजही देशाच्या पडीक जमिनींचे नकाशे निघतात आणि त्यांत गवताची राने सरसकट पडीक म्हणून रंगवलेली असतात. मग पडीक जमिनीचे काहीतरी ‘करायला’ हवे, म्हणून तिच्यावर झाडे लावायची. महाराष्ट्रात २०१६ साली दोन कोटी, २०१७ साली चार कोटी, २०१८ साली तेरा कोटी आणि २०१९ साली तेहतीस कोटी झाडांचे संकल्प सुटले. इतकी झाडे लावायला जागा कुठली? शेत कोणी देत नाही, शहरात तर जागाच नाही. उरतो माळ.

विद्यार्थिमित्रांनो, मी झाडांची वैरीण नाही. पण मी मेंढपाळाच्या घरातली मुलगी आहे. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मीच पहिली. माझी पहिल्या वर्षाची फी दोन कोकरे विकून भरली गेली. ती कोकरे ज्या गवतावर वाढली ते त्याच ‘नुसत्या’ माळावरचे होते. तेव्हा या विषयावर मी अलिप्तपणे लिहीन अशी अपेक्षा कृपा करून ठेवू नये.

गेल्या हिवाळ्यात भूगोलाच्या सहलीबरोबर सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळढोक अभयारण्यात जाण्याचा योग आला. नान्नजची द्राक्षे सर्वांना ठाऊक असतात, तिथला माळ फारसा कोणाला ठाऊक नसतो. बसमधून उतरताच आमच्यातल्या बऱ्याच जणांचे चेहरे पडले. अभयारण्य म्हणजे घनदाट झाडी, ओढे आणि नशीब असेल तर वाघ, अशी कल्पना. इथे समोर गुडघाभर पिवळे गवत, मधूनच एखादी बोर नाहीतर हिवर, आणि वर मोकळे आभाळ. “अरे, इथे तर काहीच नाही,” असे कोणीतरी म्हणालेच. मला मात्र मारवेल दिसत होती, पवना दिसत होता, आणि चालताना परकराला कुसळी टोचत होती. मारवेल जनावर आवडीने खाते. कुसळी कोवळी असताना चालते, पण कुसे धरली की ती लोकरीत शिरून मेंढीच्या अंगात रुतते. हे मला कोणत्याही पुस्तकाने शिकवलेले नाही. तासाभराने काळविटांचा कळप दिसला. तीस-चाळीस माद्या, आणि मागे मान ताठ करून चालणारा एक काळाभोर नर. कळप उधळला तेव्हा एकेक जनावर गवतावरून असे उडत होते, की मघाशी ‘काहीच नाही’ म्हणणारेही गप्प झाले. हेच काळवीट दाट झाडीत सोडा, त्याला असे धावता येईल का?

ज्याच्या नावाने ते अभयारण्य आहे तो माळढोक काही दिसला नाही. तो आता तिथे क्वचितच दिसतो. मीटरभर उंचीचा, नर तर पंधरा किलोपर्यंत भरणारा हा पक्षी. मादी विणीच्या हंगामात बहुधा एकच अंडे घालते, तेही उघड्या जमिनीवर. त्याला समोरचे नीट दिसत नाही, म्हणून तो विजेच्या तारांना धडकून मरतो. सलीम अली यांनी तो राष्ट्रीय पक्षी व्हावा असे सुचवले होते, पण १९६३ साली मान मोराला मिळाला. आज देशभरात मिळून माळढोक दीडशेही उरले नसावेत, आणि उरलेले बहुतेक राजस्थानात आहेत.

नान्नजचे अभयारण्य १९७९ साली जाहीर झाले तेव्हा त्याचे क्षेत्र ८,४९६ चौरस किलोमीटर होते. त्यात गावे आली, शेते आली, लोकांची घरेदारे आली. स्वतःच्या जमिनीचा व्यवहार करायलाही लोकांना अडचण येऊ लागली, आणि पक्षी लोकांच्या डोळ्यांत खुपू लागला. २०१२ साली ते क्षेत्र १,२२२ चौरस किलोमीटरवर आणण्यात आले. म्हणजे आधी कागदावर सगळेच राखले आणि नंतर बरेचसे सोडून दिले. मधल्या काळात खरा माळ नांगराखाली गेला, विहिरी-बोअर झाल्या, तारा आल्या. आणि जिथे नांगर गेला नाही तिथे कुठे कुठे आपणच गिरिपुष्पासारखी परदेशी झाडे लावली. माळढोकाला दूरवर नजर पोचेल अशी मोकळी जागा लागते. त्याच्या घरात आपण भिंती उभ्या केल्या, आणि त्याला ‘हरितीकरण’ असे नाव दिले.

सहलीहून आल्यावर ग्रंथालयात अमेरिकेतील प्रेअरीविषयी वाचले. प्रेअरी म्हणजे तिकडचा माळच, फक्त अफाट. तिथे एकेकाळी तीन कोटींच्या वर बायसन होते असा अंदाज आहे. रेल्वे आली, बंदुका आल्या, आणि १८८९ पर्यंत जेमतेम हजारभर उरले. मागून नांगर आला. आयोवा राज्याचा चार-पंचमांश भाग गवताळ होता, त्यातला हजारातला एक हिस्साही शिल्लक नाही. आता तिथे काय चालले आहे पाहा. अणुवीज केंद्रासाठी घेतलेली आणि केंद्राचा बेत बारगळल्याने मोकळी झालेली शेतजमीन १९९० नंतर सरकारने अभयारण्यासाठी घेतली. नील स्मिथ अभयारण्य असे त्याचे आजचे नाव. रेल्वेच्या कडेला, जुन्या दफनभूमींत जे गवत चुकून वाचले होते, त्याचे बी लोकांनी हाताने गोळा केले आणि मक्याच्या शेतात पेरले. १९९६ साली त्यावर बायसनचा कळप आणून सोडला. आधी मोडायचे आणि शंभर वर्षांनी मूठ मूठ बी वेचत बसायचे! आपला माळ अजून थोडा तरी जिवंत आहे. तो आपण खड्डे काढून का मारावा?

कोणी म्हणेल, माळ मेंढ्यांनीच संपवला. यात थोडे तथ्य आहे, मी नाकारत नाही. एकाच जागी बारा महिने जनावरे चारली तर गवत बी धरत नाही. माळढोक पावसाळ्यात अंडी घालतो, तेवढे महिने चराई बंद ठेवली तर माझा विरोध नाही, आणि आमच्या अण्णांचाही नाही. बंद उठते, गवत राहते. पण आमच्या गावच्या माळाचा निम्मा भाग चर मारून झाडांसाठी बंद झाला, तो कायमचा. झाडे पहिल्या दोन उन्हाळ्यांत वाळली, चर तेवढे राहिले. पावसाळ्यात त्यांत पाणी साचते आणि कोकरे पडतात. अण्णांकडे पूर्वी शंभरावर मेंढरे होती, आता चाळीस आहेत. दिवाळीनंतर ते लोकांच्या शेतात मेंढ्या बसवायला बाहेर पडतात ते पूर्वीपेक्षा लांब जातात, आणि वाघर, घोंगडी, बिऱ्हाड घेऊन आईही त्यांच्याबरोबर जाते. धाकट्या भावाची शाळा त्यामुळे सुटते की काय, ही चिंता आमच्या घरात सध्या आहे.

आपल्या शिबिरातही दरवर्षी वृक्षारोपण असते. गेल्या वर्षी माळावर खड्डे काढायचे ठरले, तेव्हा मी सरांना विचारले होते, “सर, इथे आधी काय होते?” सर म्हणाले, “काही नव्हते, म्हणून तर लावायची.” सरांविषयी मला आदर आहे. पण त्या दिवशी मी खड्ड्याच्या जागेभोवती सात तऱ्हेची गवते मोजली होती, आणि माझ्या पावलांतून एक चंडोल उडाला होता.

यंदाच्या शिबिराचे गाव अजून ठरायचे आहे. झाडे जरूर लावू या. शाळेच्या आवारात, विहिरीच्या काठी, रस्त्याच्या कडेला लावू या. आंबा, लिंब, चिंच लावू या आणि उन्हाळ्यात पाणीही घालू या. माळावर मात्र कुदळ न नेता वही न्यावी. कोणते गवत आहे, कोणता पक्षी आहे, मेंढरे कोणत्या महिन्यात येतात, याची नोंद आजवर आपल्या महाविद्यालयाने केलेली नाही. वनस्पतिशास्त्र आणि भूगोल या दोन्ही विभागांना ते अवघड नाही. गवतांची गावठी नावे सांगायला माणूस लागला तर आमचे अण्णा मृगाच्या सुमारास घरी असतात.