दिवाळीतले आभाळ

दिवाळी आली की आम्ही पाचोऱ्याची माणसे आधी आभाळाकडे पाहतो. कापूस वेचणीला आलेला, आणि एक सर आली की पांढरीशुभ्र बोंडे काळवंडली! ही काळजी फक्त आमचीच, अशी आमची समजूत. नाशिकजवळ गंगापूर धरणापाशी 'सुला'चा मळा पाहिला तेव्हा ती उतरली.

राजीव सामंत यांनी घरच्या जमिनीवर हा मळा केला आणि आई सुलभा हिच्यावरून त्याचे नाव ठेवले. २००० साली त्यांची पहिली पांढरी वाईन निघाली. (घरातील वडील मंडळींनी नाके मुरडू नयेत, आम्ही फक्त वेली पाहिल्या!) त्यातली शेनँ ब्लाँ ही जात मूळची फ्रान्सच्या ल्वार नदीकाठची. तिथे घराणी पिढ्यान्‌पिढ्या ती लावतात. थंडीत वेल निजते, उन्हाळ्यात फळ धरते, सप्टेंबर-ऑक्टोबरात तोड.

आमच्या हवेत वेलीला झोप कुठली? म्हणून एप्रिलात खरड छाटणी, पावसाळा सरताना फळछाटणी, आणि तोड जानेवारी ते मार्च. तीही गारव्यात, उन्हाने तापलेल्या द्राक्षांच्या रसाचा नाजूक वास राहत नाही. म्हणजे ऐन दिवाळीत वेलीवर कोवळी फूट. तेव्हा पाऊस झाला की डावणी पडते आणि कोवळे घड जातात.

परतताना एका बागाईतदाराने गाव विचारले. पाचोरा म्हणताच तो म्हणाला, "भाऊ, तिकडं आभाळ कसं आहे?"