‘गौण’ ह्या शब्दाचे वजन

वनसंशोधनाचे अग्रक्रम आर्थिक लाभावरून ठरवावेत, हे तत्त्व वरवर पाहता वादातीत वाटते. सार्वजनिक पैसा जेथे अधिक फळ देईल तेथे तो आधी खर्च व्हावा, ह्यात गैर ते काय? परंतु हिशेब मांडण्यापूर्वीच वस्तूंना नावे दिलेली असतात, आणि ती नावे निःपक्षपाती असतातच असे नाही. भाषाभ्यासकाने ह्या प्रश्नात पडावे ते एवढ्याचसाठी.

जबलपूर येथे १९८८ साली उष्णकटिबंधीय वन अनुसंधान संस्थान स्थापन झाले. महाराष्ट्राची वनेही त्याच्या कार्यक्षेत्रात येतात. ह्या टापूतील साग ‘मुख्य’, आणि मोह, चारोळी, हिरडा, लाख, तेंदूपाने ही ‘गौण’, असा भेद वनखात्याच्या परिभाषेत रूढ आहे. तो मूलतः लाकडावरील महसुलाच्या दृष्टीने केलेला. वनातील माणसाचा नव्हे. मोहाच्या फुलाला एक नाव आणि बीला दुसरे – जबलपूर-मंडल्याकडे गुल्ली, विदर्भात टोळ – कारण फूल खाण्याचे, बी तेलाचे. जी भाषा एका झाडाला अशी अनेक नावे देते, तिला ते झाड गौण कसे वाटावे? तेंदूपानाचा निदान लिलाव होतो. पहाटे वेचलेला मोह पुष्कळदा घरीच शिजतो. तो तराजूत पडत नाही म्हणून लाभातही धरला जात नाही.

बांबूची गोष्ट तर विनोदीच म्हणावी लागेल. वनस्पतिशास्त्र ज्याला गवत म्हणते, त्याला १९२७ च्या भारतीय वन कायद्याने वृक्ष ठरविले. २००६ च्या वनाधिकार कायद्याने त्याची गणना गौण वनोपजात केली, तर १९२७ च्या कायद्यातील वृक्षाच्या व्याख्येतून तो वगळला गेला २०१७ साली!

बाजारभाव हाच निकष धरला तर काय घडते, ह्याचे उदाहरण बस्तरचे आहे. १९७० नंतरच्या दशकात तेथील सालवन तोडून कागदासाठी परदेशी चीड लावण्याची योजना आखली गेली, आणि आदिवासींच्या विरोधानंतर ती सोडून द्यावी लागली. उलट, १९९० नंतरच्या दशकात मंडला, दिंडोरी, बालाघाट भागांतील सालवृक्षांना खोडकिड्याने ग्रासले. कीड नसलेल्या वर्षी त्या किड्याच्या अभ्यासाचा लाभ कोणत्या रकान्यात मांडणार?

आर्थिक निकष टाकून द्यावा, असे मी म्हणत नाही. घरात खपणारे वनोपज त्यात धरावे, यादी वेचणाऱ्यांच्या गोंडी, छत्तीसगढी, मराठी नावांनी करावी, आणि क्रम लावताना वेचणारी स्त्री समितीत असावी, एवढेच माझे मागणे आहे.