वाट कोणाची?

मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायांत वाट कोणास द्यावी याची एक यादी आहे. वाहनांत बसलेला, नव्वदी उलटलेला, रोगी, ओझें वाहणारा, स्त्री, स्नातक, राजा आणि वर, इतक्यांस इतरांनीं वाट सोडावी, असें स्मृतिकार सांगतो. शाळेंत असतांना हें वचन आम्हीं कित्येक वर्षें मुलांना समजावून दिलें. परंतु त्यांतील खरें मर्म आम्हांस कळलें तें गेल्या पौषांत, लोणावळ्याहून पुण्यास परत येतांना, आणि तेंही आमच्याच चुकीमुळें. ती चूक वाचकांपुढें मांडणें आम्ही आपलें कर्तव्य समजतों.

मोटार सूनबाई चालवीत होत्या. शेजारीं आम्ही, मागें आमचें कुटुंब व सात वर्षांचा नातू. द्रुतगति मार्गावर चढण्यासाठीं जो जोडरस्ता असतो, त्यावरून मोटार वेग घेऊं लागली. उजव्या अंगास मालमोटारींची रांगच्या रांग धांवत होती. ती पाहून आमचा जीव दडपला आणि तोंडांतून शब्द निघून गेले, "थांब, थांब! आधीं त्यांना जाऊं दे." वडिलांचा शब्द मोडूं नये हें वळण घरांत आम्हींच लावलेलें. सूनबाईंनीं करकचून ब्रेक दाबला. लागलीच मागून टायर घासल्याचा कर्कश आवाज आला. त्याच जोडरस्त्यानें येणारा एक टेंपो आमच्या मोटारीपासून हातभर अंतरावर येऊन उभा राहिला होता. आणि त्या बाजूस नातू बसला होता.

वाटेंत सूनबाई कांहीं बोलल्या नाहींत. घरीं चहा झाल्यावर मात्र शांतपणें म्हणाल्या, "मामंजी, आपण समोर पाहत होतां, मी आरशांत पाहत होतें. दोन मालमोटारींमध्यें मीं जागा हेरली होती. मी थांबेन असें त्या टेंपोवाल्यास स्वप्नांतही वाटलें नसेल."

त्या रात्रीं आम्हांस झोंप आली नाहीं. उठून कागदावर गणित मांडलें. मालमोटारीचा वेग ताशीं ८० किलोमीटर धरला, तर ती सेकंदास सुमारें २२ मीटर जाते. म्हणजे १०० मीटर मागें असलेली मालमोटार साडेचार सेकंदांत आपल्यापाशीं येऊन ठेपते. उभ्या असलेल्या भरल्या मोटारीस तितका वेग घ्यावयास आठ-दहा सेकंद तरी लागणारच. परंतु तीच मोटार ताशीं ७० च्या वेगानें मार्गास मिळाली, तर दोघींच्या वेगांतील अंतर १० किलोमीटरच उरतें, आणि तेच १०० मीटर भरून येण्यास ३६ सेकंद लागतात. आम्ही ज्यास सावधपणा समजलों, त्यानें छत्तीसाचे साडेचार केले होते!

कोणी म्हणेल, मुख्य मार्गावरील वाहनास वाट द्यावी असा नियमच आहे ना? आहे. १९८९ च्या रस्तेविषयक नियमांत तो होता. २०१७ सालीं त्यांच्या जागीं नवे विनियम आले, त्यांतही तो कायम आहे. परंतु वाट देणें म्हणजे जागच्या जागीं उभें राहणें नव्हे. जोडरस्त्याचा शेवटचा तुकडा वेग जुळविण्यासाठींच लांब ठेवलेला असतो. वळण्याचा दिवा आधीं लावावा, उजव्या आरशांत पाहावें, आरशांत न दिसणाऱ्या कोपऱ्यासाठीं क्षणभर मान वळवावी, मोकळी जागा हेरून आपला वेग तिच्याशीं जुळवावा आणि मग मिळावें. जागा नसेल तर वेग आरंभींच आंवरावा, म्हणजे मागच्यासही उमज पडतो. टोंकाशीं येऊन एकाएकीं थांबूं नये.

मुख्य मार्गावर असणारानेंही एक कथा ध्यानांत ठेवावी. महाभारताच्या आदिपर्वांत कल्माषपाद राजा व वसिष्ठपुत्र शक्ति यांची अरुंद वाटेवर गांठ पडते. वाट माझी, असें दोघेही म्हणतात. राजा चाबूक मारतो, शक्ति शाप देतो. राजा राक्षस होतो आणि प्रथम शक्तीसच खातो. त्या वाटेवर हक्क कोणाचा, याचा खल पंडितांनीं खुशाल करावा. वांचला कोणीच नाहीं. उलट, त्या दिवशीं टोंकाशीं अडकून पडलेल्या आम्हांस एका मालमोटारवाल्यानें स्वतः उजवीकडच्या पट्ट्यांत सरकून जागा करून दिली. हक्क त्याचा होता, तरी वाट त्यानें दिली. स्मृतिकारानें वाट 'द्यावी' म्हटलें आहे, 'घ्यावी' म्हटलेलें नाहीं, हें इतकीं वर्षें शिकवूनही आमच्या ध्यानांत आलें नव्हतें.

आतां आमच्या वयाच्या वाचकांस एक विनंति. घरांत आपला शब्द चालतो, तो चालो. परंतु मोटारींत ज्याच्या हातीं चक्र आणि ज्याच्या डोळ्यांपुढें आरसा, तोच त्या वेळेपुरता घरांतील वडील. गेल्या रविवारीं आम्ही पुन्हां त्याच मार्गानें आलों. जोडरस्ता येतांच आम्हीं दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि तोंड मिटून घेतलें. मोटार मार्गास केव्हां मिळाली, तें आम्हांस कळलेंही नाहीं.