फ्लॉरेन्स नंतर, आधी वर्धा!

गेल्या महिन्यात माझ्या हॉस्टेलच्या मैत्रिणीची व्हॉइस नोट आली. सहा-सात मिनिटांची, म्हणजे पॉडकास्टच! ती नाशिकची, सध्या इटलीत फ्लॉरेन्सला मास्टर्स करतेय. त्या दिवशी लेक्चर नव्हतं, म्हणून एकटीच सकाळपासून चर्च बघत फिरली. सांता क्रोचेमध्ये मायकेलअँजेलो आणि गॅलिलिओ यांच्या कबरी पाहिल्या, सातशे वर्षांपूर्वीची जोत्तोची भित्तिचित्रं पाहिली, मग सान लोरेन्झोसमोर पायरीवर बसून सँडविच खाल्लं. दमून, पण खूप खुशीत बोलत होती. शेवटी सहज म्हणाली, ‘‘तुमच्या वर्ध्यात काय आहे गं पाहायला? मी कधी आलेच नाही.’’

मी टाइप केलं, ‘काही नाही गं. आश्रम आहे. बाकी ऊन.’

पाठवलं आणि मलाच कसंतरी झालं. जर्नलिझमची डिग्री घेतलेली मुलगी स्वतःच्या गावाबद्दल एवढंच सांगू शकते? मग ठरवलं. रविवारी स्कूटीत दोनशेचं पेट्रोल टाकलं, धाकट्या भावाला मागे बसवलं आणि निघालो. भाऊ कुरकुरला, ‘‘ताई, हे सगळं शाळेच्या सहलीत पाहून झालं न आपलं.’’ खरंय, सहलीत ‘झालं’ होतं. रांगेत उभं राहून, डबा खाऊन, घोषणा देऊन. पाहिलं मात्र नव्हतं.

पहिला थांबा लक्ष्मीनारायण मंदिर. इथे एक गोष्ट आधीच सांगते. आम्ही बौद्ध. आमच्या घरात मंदिरात जायची पद्धत नाही. मी आत गेले ती पाया पडायला नाही, पाहायला. पण पायरीवर पाऊल ठेवताना आबा आठवले. लहानपणी त्यांच्या गावातल्या देवळाच्या पायरीपर्यंतही त्यांना जाता येत नव्हतं. आणि जमनालाल बजाज यांनी जुलै १९२८ मध्ये हे मंदिर दलितांसाठी खुलं केलं होतं. त्यासाठी स्वतःच्याच समाजाचा रोष पत्करला. माझ्या मैत्रिणीच्या नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला तो २ मार्च १९३०ला, आणि पाच वर्षं लढूनही दार उघडलं नव्हतं. हे दोन्ही एकत्र ठेवलं की वर्ध्याच्या या दाराचं मोल कळतं. आबा मात्र म्हणायचे, ‘‘मंदिर उघडलं म्हून गाव उघडलं नाही, पोरी.’’ १९५६ नंतर त्यांनी देवच सोडला. दाराचं मोल आणि आबांचं म्हणणं, मला दोन्ही खरं वाटतं. ती इमारत बघताना दोन्ही डोक्यात असायला हवं.

मैत्रीण सांगत होती, सान लोरेन्झो हे मेदिची नावाच्या सावकार घराण्याचं चर्च. पैसा त्यांचा, कलाकार त्यांचे आणि कबरीही त्यांच्याच. तरी त्याचा दर्शनी भाग मायकेलअँजेलोकडून पूर्ण झालाच नाही, आजही नुसते ओबडधोबड दगड दिसतात. आपल्याकडेही पैसा व्यापाऱ्याचाच होता. पण वर्ध्यात त्या पैशातून जे उभं राहिलं, त्यात दिमाख कमीत कमी ठेवायचा होता. हा फरक मला त्याच दिवशी पहिल्यांदा दिसला.

तिथून मगनवाडीत मगन संग्रहालय. १९३८ मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याचं उद्‌घाटन झालं. चरखे, खादी, कारागिरांची अवजारं. फ्लॉरेन्समध्ये कॅनव्हाससमोर थांबतात, इथे चात्यासमोर थांबायचं. भाऊ पॉलिटेक्निकचा. एका चरख्याचं चाक आणि चात्याचं गुणोत्तर काढत तो पंधरा मिनिटं उभा राहिला. सहलीत त्याला हे कुणी दाखवलंच नव्हतं.

मग गोपुरीतलं गीताई मंदिर. छत नाही, मूर्ती नाही. मोकळ्या आकाशाखाली दगडी शिळा आणि त्यांवर विनोबांच्या गीताईचे अठरा अध्याय. विनोबांच्या आईला गीता मराठीत वाचायची होती, त्या इच्छेतून १९३०-३१ मध्ये गीताई झाली. श्रद्धा असो-नसो, मराठी अक्षरांचीच भिंत करायची ही कल्पना मला भारी वाटली. शेजारीच विश्वशांती स्तूप. पांढराशुभ्र, चारही दिशांना बुद्ध. जपानी भिक्खू फुजी गुरुजी १९३३ मध्ये वर्ध्याला येऊन गांधीजींना भेटले, त्यांच्या प्रेरणेतलं हे काम. सेवाग्रामच्या प्रार्थनेत आजही त्यांचा जपानी मंत्र आहे. माझी आजी या स्तूपाला ‘आपला’ म्हणते. जपान आणि आमची आजी यांच्यात एवढं जवळचं नातं असेल, हे मला कुठल्या पुस्तकाने सांगितलं नव्हतं.

दुपारी गोरसपाक खात सेवाग्राम गाठलं. बापू कुटीत मी आयुष्यात पाच-सहा वेळा तरी गेले असेन. पण भिंत या वेळी पाहिली. मीराबेनने मातीतच उठाव करून ताडाची झाडं, मोर, चरखा, ॐ काढलाय. रंग नाही, सोनं नाही. ज्या मातीची भिंत, त्याच मातीचं चित्र. गांधीजींची अट होती की झोपडी शंभर रुपयांच्या आत आणि जवळपासच्याच सामानातून व्हावी. त्या अटीत बसणारी कला कशी असेल, तर अशी. आणि हे काम इंग्लंडहून आलेल्या एका बाईचं! मी भावाला म्हटलं, ‘‘हे आपलं भित्तिचित्र.’’ तो म्हणाला, ‘‘आजी पण तर असेच मोर काढत होती न ओट्यावर.’’

तिथे मी गप्प झाले. कारण आजीचं घर आता सिमेंटचं आहे. ओटा आहे, मोर नाही. तिचं सारवण, लिंपण मी शिकले नाही, आईनेही शिकवलं नाही. माती म्हणजे गरिबी, एवढंच आम्हाला कळलं होतं.

शेवटचा थांबा पवनार. धाम नदी, आश्रम आणि इसवी सनाच्या पाचव्या शतकाच्या आसपासची वाकाटककालीन शिल्पं. विनोबा इथे शेत खणत असताना त्यांना भरत-रामाच्या भेटीचं शिल्प मिळालं. इतिहासकार वा. वि. मिराशींनी पवनार म्हणजेच वाकाटकांची राजधानी प्रवरपूर असं मांडलं आणि इथल्या शिल्पांत रामायणातले प्रसंग पाहिले. पुढच्या काही अभ्यासकांनी त्याच शिल्पांचे वेगळे अर्थ लावले. म्हणजे आपल्या स्कूटीच्या टप्प्यात दीड हजार वर्षांपूर्वीचं असं काही आहे, ज्यावर जाणकार अजून वाद घालतात. आणि आपण पवनारला जातो कशाला? नदीवर रील करायला. मीही केलीय.

आता मुद्द्यावर येते. फ्लॉरेन्सला जाऊ नका असं मी म्हणत नाही. स्कॉलरशिप मिळाली तर मी उद्या बॅग भरेन. पण मैत्रिणीने सांगितलेली एक गोष्ट मनात राहिलीय. ४ नोव्हेंबर १९६६ला आर्नो नदीचा पूर शहरात शिरला. सांता क्रोचेमध्ये चिखल, चिमाबुएचा प्रसिद्ध क्रूस खराब झाला, ग्रंथालयातली पुस्तकं गाळात गेली. तेव्हा देशोदेशीचे कॉलेजातले पोरं-पोरी तिथे पोचले आणि रांगा लावून हातोहात पुस्तकं, चित्रं चिखलातून बाहेर काढली. त्यांना तिथे ‘चिखलातले देवदूत’ म्हणतात. ते काही सगळे कलेचे विद्यार्थी नव्हते. पण हे जपण्यासारखं आहे, एवढं त्यांना माहीत होतं.

आपल्याला माहीत आहे का? आपल्याकडे पूर यायचीही गरज नाही. मातीची भिंत दरवर्षी हात मागते. तो हात येणारी पिढी आपल्या घरात आहे, सत्तरीच्या पुढची. ती गेली की यूट्यूबवर शोधत बसायचं.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. वर्ध्यातल्या प्रत्येक कॉलेजने पहिल्या वर्षाच्या पोरांना एक अख्खा दिवस हे शहर पाहायला द्यावा. भाषण नको, घोषणा नको, हजेरीपुरती सहल तर नकोच. इंजिनीअरिंगवाल्याने चरखा पाहावा, मराठीवाल्याने गीताईच्या शिळा, इतिहासवाल्याने पवनार. प्रत्येकाने एकाच वस्तूसमोर अर्धा तास बसावं आणि दिसलं ते एका पानावर लिहावं. दहा वर्षांत त्या पानांतून वर्ध्याचं एक मार्गदर्शक पुस्तक होईल, पोरांनी पोरांसाठी लिहिलेलं. आणि ज्यांच्या घरी सारवता येणारी आजी आहे, त्यांनी या सुटीत तिच्याकडून शिकून घ्यावं.

‘त्यातलं आमचं काय?’ असंही कुणी विचारेल. आमच्या घरात हा प्रश्न नेहमीच होता. मला वाटतं, ज्या दारातून आपल्या माणसांना आत जाऊ दिलं नाही, त्या दाराकडे तर आपण नीट पाहिलंच पाहिजे. पाहणं म्हणजे नमस्कार करणं नव्हे.

रात्री मैत्रिणीला परत व्हॉइस नोट पाठवली. माझी तिच्याहून मोठी झाली, अकरा मिनिटांची. तिने ऐकली आणि लिहिलं, ‘डिसेंबरमध्ये घरी येतेय. वर्ध्याला एक दिवस काढते.’

मी लिहिलं, ‘दोन काढ.’