घाबरले होते कोण?

सरकार ‘घाबरण्याचे कारण नाही’ म्हणू लागले, की मी आधी सरकारचाच चेहरा पाहतो. मार्च 2011 मध्ये जपानचे मुख्य कॅबिनेट सचिव युकिओ एदानो निळा कामगारी डगला चढवून टीव्हीवर येत आणि प्रकृतीवर ताबडतोब परिणाम होणार नाही, असे पुनःपुन्हा सांगत. माणूस इतका दमलेला दिसे, की लोकांनाच त्याची दया आली. ‘एदानोसाहेब, जरा झोपा’ अशा संदेशांचा इंटरनेटवर पूर आला. जी जनता घाबरेल म्हणून एवढी खटपट चालली होती, ती मंत्र्याच्या झोपेची काळजी वाहत होती!

त्याच दिवसांत फुकुशिमाच्या अणुप्रकल्पात काय चालले होते? 12 मार्चला अणुसुरक्षा यंत्रणेचे प्रवक्ते कोइचिरो नाकामुरा पत्रकारांपुढे बोलून गेले, की अणुभट्टीचा गाभा वितळत असावा. ते बरोबर होते. त्यांना प्रवक्तेपदावरून हलवण्यात आले. प्रकल्प चालवणाऱ्या तेप्को कंपनीने हीच गोष्ट कबूल केली ती मे महिन्यात. आणि 2016 मध्ये उघड झाले, की गाभ्याची पाच टक्क्यांहून जास्त हानी म्हणजे मेल्टडाऊन, हे कंपनीच्या स्वतःच्या नियमावलीत छापलेले होते; पण 14 मार्चलाच अध्यक्षांनी तो शब्द उच्चारू नका, असे बजावले होते. असा काही निकषच नाही, असे कंपनी पाच वर्षे सांगत राहिली.

शब्द दडवला, हे एक वेळ सोडून देऊ. वारा दडवला, ते कसे सोडायचे?

किरणोत्सारी लोट कुठल्या दिशेने जाईल हे सांगणारी ‘स्पीडी’ ही संगणकप्रणाली जपानने अब्जावधी येन ओतून नेमक्या अशाच दिवसासाठी उभारली होती. भट्टीतून किती काय बाहेर पडते आहे याचा आकडा तिच्याकडे नव्हता, पण दिशा कळत होती. तिचे अंदाज 14 मार्चला अमेरिकी लष्कराला पोचले. प्रकल्पाजवळच्या नामिए गावाच्या लोकांना पोचले नाहीत. समुद्रापासून दूर ते सुरक्षित, अशा समजुतीने हजारो गावकरी वायव्येच्या डोंगरात, त्सुशिमा भागात जाऊन राहिले होते. लोट गेला तो त्याच बाजूला. मुले बाहेर खेळत होती, ओढ्याच्या पाण्यात भात शिजत होता. जनतेसाठी पहिला नकाशा 23 मार्चला निघाला. नामिएचे महापौर तामोत्सू बाबा म्हणाले, ही लपवाछपवी खुनासारखीच आहे. पंतप्रधानांचे सल्लागार गोशी होसोनो यांनी नंतर कारण दिले, की घबराट पसरण्याची भीती वाटली. कोणाला वाटली? नामिएकरांना तर घाबरण्याची संधीही मिळाली नाही.

मग तज्ज्ञ आले. नागासाकीचे प्राध्यापक शुनइची यामाशिता फुकुशिमातल्या सभेत बोलून गेले, की हसतमुख माणसांना किरणोत्सार बाधत नाही. वातावरण हलके करायचे होते, असा त्यांचा पुढचा खुलासा. वातावरण झाले असेल हलके. इइताते गावाच्या मातीतले सीझियम झाले नाही. तिथली माती आपल्या निकषापलीकडे गेल्याचे आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने 30 मार्चला सांगितले होते. गाव रिकामे करण्याचा आदेश निघाला 22 एप्रिलला, तोही महिनाभराच्या मुदतीने.

इथे अणुऊर्जेचे कैवारी मला अडवतात. किरणोत्साराने मेले किती? भीतीने आणि स्थलांतरानेच जास्त मेले ना? मान्य. संयुक्त राष्ट्रांच्या वैज्ञानिक समितीला किरणोत्सारामुळे आजार वाढल्याचे दिसलेले नाही, आणि विस्थापनाच्या हालअपेष्टांत फुकुशिमा प्रांतात गेलेले जीव दोन हजारांहून अधिक आहेत. अंथरुणाला खिळलेले म्हातारे रुग्ण बसमध्ये घालून तासन्‌तास फिरवले गेले. पण हा हिशेब माझ्या नव्हे, तुमच्या नावावर मांडा. धोका कुठे जास्त, कुठे कमी हे सांगितले असते, तर कोणाला हलवायचे आणि कोणाला जागीच ठेवायचे हे ठरवता आले असते. तुम्ही नकाशावर कंपास फिरवून वर्तुळे काढत बसलात: आधी 3 किलोमीटर, मग 10, मग 20.

वचनांचेही तसेच. फुकुशिमाच्या मच्छीमारांना 2015 मध्ये लेखी वचन दिले होते, की संबंधितांच्या संमतीशिवाय प्रकल्पातल्या टाक्यांत साठवलेले किरणोत्सारी पाणी समुद्रात सोडणार नाही. शुद्ध केलेल्या पाण्यात फक्त ट्रिटियम उरते, असेही सांगितले जाई. 2018 मध्ये कळले, की बहुतांश टाक्यांत इतर द्रव्येही मर्यादेपेक्षा जास्त आहेत. मच्छीमारांचा विरोध कायम असतानाच ऑगस्ट 2023 मध्ये पाणी सोडले. पुन्हा शुद्ध करून सोडलेले ते पाणी निरुपद्रवी असावे, असे मलाही वाटते. मच्छीमारांना तसे वाटत नसेल, तर त्यांना अडाणी म्हणण्याची माझी हिंमत नाही.

आपल्याकडची कमाल तर याहून मोठी. 14 मार्च 2011, फुकुशिमाच्या तिसऱ्या भट्टीची इमारत उडाली तो दिवस. त्याच दिवशी मुंबईत अणुऊर्जा महामंडळाचे अध्यक्ष एस. के. जैन यांनी सांगितले, की तिथे अणुअपघात झालेलाच नाही, ही आपत्कालीन सज्जतेची सुनियोजित कारवाई आहे. अणुऊर्जा आयोगाच्या श्रीकुमार बॅनर्जींनी ती निव्वळ रासायनिक प्रक्रिया ठरवली. एवढे धाडस तेप्कोलाही झाले नव्हते! 12 एप्रिलला जपानने अपघाताला चेर्नोबिलच्या बरोबरीची सातवी पायरी दिली. 18 एप्रिलला साखरी नाटे या आमच्या मच्छीमार गावात जैतापूर अणुप्रकल्पाविरोधातल्या आंदोलकांवर पोलिसांनी गोळीबार केला, त्यात एकाचा जीव गेला.

जैतापूरला पुढची जनसुनावणी होईल, तेव्हा साहेबांच्या टेबलावर त्या 14 मार्चच्या पत्रकार परिषदेची कात्रणे मांडून ठेवावीत. लोकांचे प्रश्न सुरू होईपर्यंत, चहाबरोबर वाचायला बरी.