सशामागे कुत्रं सोडताना...

दिवाळीच्या सुट्टीवरून परत आलो त्या रात्री विंगमध्ये एका मित्राच्या मोबाईलभोवती ही गर्दी! वाटलं, मॅच असेल. बघतो तर नांगरलेलं रान, पुढे ससा, मागे दोन कुत्री आणि बाईकवरच्या पोरांचा आरडाओरडा. शेवटी सशाचे मागचे पाय धरून फोटो. "भारी धरला रे!" सगळ्यांनी दाद दिली. मी गप्प बसलो, कारण असाच एक फोटो माझाही आहे. दहावीच्या सुट्टीतला.

तेव्हा मित्रहो, मी काही साधुसंत म्हणून हे लिहीत नाहीये. आमचं गाव सोलापूर जिल्ह्यातलं. चुलत्यांकडे कारवानी कुत्री आहेत. लांबुडकं तोंड, आत गेलेलं पोट, काडीसारखे पाय. ही जात वासापेक्षा नजरेवर शिकार करते. तुरी निघून रान मोकळं झालं की चार जण ओळीने ढेकळं तुडवत निघायचं. रानससा बीळ करत नाही (बीळ करणारा तो पाळीव पांढरा, त्याची जातच वेगळी). हा गवतात दबून बसतो आणि माणूस अगदी पायाशी आला की उधळतो.

पुढचं दृश्य बघण्यासारखं असतं, खोटं कशाला सांगू? सरळ रेषेत कुत्रं भारी पडतं, म्हणून ससा सरळ पळतच नाही. कुत्र्याचं तोंड लागणार एवढ्यात तो झटक्यात वळतो. कुत्र्याला ते कळेपर्यंत ते इनर्शियाने पुढे घसरत गेलेलं असतं. (फर्स्ट इयरला मेकॅनिक्स असं शिकवलं असतं तर माझी केटी वाचली असती!) म्हणून दोन कुत्री लागतात. एक वळवतं, दुसरं आडवं येतं. हल्ली तर बाईक आणि रात्री बॅटरीचा झोतसुद्धा. झोतात ससा थिजून जागीच बसतो. याला काय शर्यत म्हणायचं?

आणि एक गोष्ट क्लिपमध्ये कापलेली असते. एरवी मुका असलेला ससा कुत्र्याच्या तोंडात सापडला की तान्ह्या पोरासारखा ओरडतो. आम्ही धरला तेव्हा जवळच्या वस्तीवरची म्हातारी "कुणाचं लेकरू रडतंय?" म्हणत बाहेर आली होती. तिला काय सांगायचं ते आमच्यापैकी एकालाही सुचलं नाही.

"ससाच तर आहे, वाघ थोडाच मारला!" हे नेहमीचं उत्तर. पण १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा सशालाही लागू आहे. त्यात शिकार म्हणजे नुसतं मारणं नव्हे. मागे लागून पळवणं, हाकणं, एवढंच काय तसा प्रयत्न करणंही शिकारच. म्हणजे ससा निसटला तरी गुन्हा घडलेलाच असतो. नान्नजच्या माळावरचे लांडगेही हे ससे खातात, ते वेगळंच.

मला जास्त टोचतं ते दुसरंच. इंग्रजांच्या १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यात पुढे पारधीही ओढले गेले. १९५२ साली कायदा गेला, पण शिक्का गेला नाही. आमच्याकडे अजूनही शेळी हरवली तरी आधी नजर वळते ती पालांकडे. पारध्याने पोटासाठी फासा लावला की तो गुन्हेगार, आणि आम्ही हौसेसाठी कुत्री सोडली की शौकीन! त्या दिवशी आमच्यातला एकही जण सशावाचून उपाशी नव्हता.

हे सगळं यंदा चुलत्यांना ऐकवलं. ते म्हणाले, "मग कुत्रं काय दाराशी शोभेला बांधू?" प्रश्न रास्त आहे. या कुत्र्याला पळायला लागतंच. याचंच भाऊबंद असलेलं मुधोळ कुत्रं २००५ साली टपाल तिकिटावर आलं. इतकी देखणी जात साखळीला बांधून वाया घालवायची नाही. मँचेस्टरला १९२६ साली विजेवर पळणाऱ्या खोट्या सशामागे ग्रेहाउंड पळवायला सुरुवात झाली. तिथे जुगार होता, तो भाग सोडा. मी सायकलच्या रिमवर दोरी गुंडाळून, टोकाला पोत्याची चिंधी बांधून बघितलं. चुलत्यांचं कुत्रं दोन वेळा जीव तोडून पळालं. तिसऱ्या वेळी हाताने रिम फिरवताना मीच दमलो आणि ते चिंधी घेऊन पसार झालं. चुलते पोट धरून हसले, पण "मोटर लावून बघ" असंही म्हणाले.

मोटर, स्पीड कंट्रोल आणि शंभर मीटर दोरी. फायनल इयरच्या प्रोजेक्टला गाईड सर अजून हो म्हणालेले नाहीत. इलेक्ट्रिकलचं कोणी तयार असेल तर मेसनंतर रूमवर या.

– एक हॉस्टेलवासी, तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी